बाबांचा फोटो काढावा, ही नम्र विनंती

भिंगरीच्या बाबांचं तोंड दोन पुरुष उंच उघडं होतं, आणि ते सिग्नलला उभं होतं.

सिग्नल सुटला. तोंड डावीकडे वळलं, बेकरीवरून पुढे सरकलं आणि भिंगरीच्या इमारतीखालच्या थांब्यावर, जिथे अख्खी इमारत टाळ्या वाजवायला जमली होती, बरोबर तिथे येऊन थांबलं. नव्या बसचं सगळे हेच तर कौतुक करत होते, की तिला आवाज नाही, धूर नाही. जुनी बस येतेय हे मागच्या चौकातच कळायचं आणि माणसाला पळून जायला वेळ मिळायचा. ही बस बाबांचं तोंड घेऊन मांजरीच्या पावलांनी आली.

टाळी एकच वाजली, ती वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांची. त्यांना लांबचं दिसत नाही.

"वा!" ते म्हणाले. "बोगद्याचं चित्र छान आलंय."

बाबा गर्दीत सगळ्यांत पुढे उभे होते. पायात पांढरेशुभ्र चालायचे बूट. बस यायच्या आधी त्यांनी जमलेल्यांना चार शब्द सांगितले होते, आणि बाबांचे चार शब्द म्हणजे साधारण चारशे. "बस चांगलीच आहे हो," ते म्हणाले होते, "पण ती ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी. मी स्वतः रोज ऑफिसला चालत जातो. माणसाने पाय वापरले नाहीत, तर पाय माणसाला विसरतात." मग त्यांनी एक बूट पुढे करून सगळ्यांना दाखवला होता. तो अजून पुढेच होता.

आईने बसकडे पाहिलं. बुटाकडे पाहिलं. मग पुन्हा बसकडे.

"हा माणूस थोडासा माझ्यासारखा दिसतो," बाबा म्हणाले.

"त्याच्या खांद्यावरच्या बॅगेच्या पट्ट्याला पिवळा दोरा आहे," आई म्हणाली. "तो मी शिवलाय. माझ्यासारखीही कुणी आहे का गावात?"

आता ही बाबांची विटंबना केली कुणी? तर त्यांच्या पोटच्या मुलीने. आणि गंमत म्हणजे तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

भिंगरीला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहू शकत नाही. अशा मुलीने फोटोग्राफीच्या नादाला लागावं म्हणजे उचकी लागलेल्या माणसाने सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. पण मामाने नवा कॅमेरा घेतला, जुना भाचीला दिला, वर "जपून वापर" असंही सांगितलं, आणि ती रस्त्यावर उतरली. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, सूर्यास्ताचे फोटो काढ. समोरच्या काकू म्हणाल्या, "रस्त्यावरच्या परक्या लोकांचे काय काढतेस? आमच्या बाळाचे काढ. बघ कसा हसतो." बाळाने कॅमेरा पाहून जे भोकाड पसरलं ते लिफ्ट बंद पडेपर्यंत. (लिफ्ट त्याच्यामुळेच बंद पडली असं भिंगरीचं म्हणणं नाही. पण पडली.) तिला मात्र रस्ताच आवडायचा. आपला फोटो निघतोय हे ज्यांना ठाऊक नसतं, त्यांचे चेहरे घरी सोडून आल्यासारखे मोकळे असतात.

तशात नगर परिवहन कार्यालयाने स्पर्धा जाहीर केली. जुन्या बस भंगारात जाणार, नव्या येणार, तर जुन्या बसचा सगळ्यांत छान फोटो नव्या बसवर लावणार. भिंगरी आठवडाभर थांब्यावर उभी राहिली. तिच्या आयुष्यात ती इतकी कधीच उभी राहिली नव्हती. शेवटी तिला हवा तो फोटो मिळाला. बस नुकती सुटलीय, आणि दारात म्हातारा कंडक्टर एका हाताने दांडा धरून बाहेर झुकलाय, दुसरा हात पळत येणाऱ्या बाईकडे पुढे केलाय. बाईची बोटं आणि त्याची बोटं यांच्यात जेमतेम एका तिकिटाचं अंतर. त्या बोटांवर भिंगरीचा जीव होता. मागच्या एका खिडकीत कुणीतरी गृहस्थ शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. ते तिला दिसले होते. झोपताना त्यांची उजवी भुवई वर गेली होती, हेही दिसलं होतं. घरीही एकाची जाते, हे आठवलं होतं. पण बाबा तर चालत जातात! तेव्हा ते बाबा नव्हते. मोठ्या माणसांवर विश्वास ठेवला की डोळ्यांना दिसलेलं पुसलं जातं, ते असं.

पहिलं बक्षीस मिळालं. शाळेत तिने तीनदा सांगितलं, दोनदा न विचारता. आणि मग कार्यालयाने काय केलं? फोटोतला कंडक्टर कापला. नव्या बसला कंडक्टरच नाही, मग तो फोटोत कशाला? पळणारी बाईही कापली, कारण नव्या बसमागे कुणी पळणार नाही अशी कार्यालयाची खात्री. उरला कोपऱ्यातला झोपलेला गृहस्थ. तोच मोठा केला, आणि खाली लिहिलं, 'निर्धास्त प्रवास'.

त्या दिवसापासून बाबा भिंगरीशी बोलेनात. म्हणजे बोलायचे, पण आईच्या मार्फत.

"तिला सांग, मीठ इकडे दे."

"मीठ तुमच्या पुढ्यातच आहे," भिंगरी म्हणायची.

"तिला सांग, मला दिसतंय."

आईही गप्प नव्हती. बूट झिजत कसे नाहीत म्हणून तिने बुटांच्या कंपनीला कौतुकाचा फोन केला होता, तो तिला आता रोज आठवायचा. "अहो, त्या मुलीने मला तीनदा थँक्यू म्हटलं," ती म्हणायची. "मी म्हटलं, आमचे हे रोज इतके चालतात, इतके चालतात! ती म्हणाली, बाई, तुम्ही भाग्यवान!"

ऑफिसात बाबा आरोग्य समितीचे अध्यक्ष होते. ती बस ऑफिसच्या खालूनही जायची. शिपायाने खिडकी उघडून समितीला बस दाखवली, आणि म्हणे मिनिटभर कुणी चहाचा घोट घेतला नाही.

भिंगरीला बाबांच्या अब्रूपेक्षा ते "तिला सांग" जास्त लागलं. घरात तिचं बोलणं ऐकायला सगळ्यांत आधी बाबाच असायचे. तिची बडबड आईला निम्मी चालायची, बाबांना पूर्ण. आता जेवताना ते तिच्याकडे न बघता आमटीकडे बघायचे. चौथ्या जेवणाला ती म्हणाली, "आई, त्यांना सांग, मी तो फोटो बसवरून उतरवून आणते."

बाबांनी आमटीला विचारलं, "आणेल का ती?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती परिवहन कार्यालयात गेली. पास विभागाने तिला जाहिरात विभागात पाठवलं. जाहिरात विभाग म्हणाला, आम्ही लावतो, काढत नाही. तक्रार विभागाचा माणूस जेवायला गेला होता, आणि त्याच्या टेबलावरच्या धुळीवरून तो बराच जेवत असावा असं वाटत होतं. शेवटी तळघरातल्या एका खिडकीशी ती पोहोचली. पाटी होती, 'हरवले-सापडले'. आत छत्र्यांचं जंगल, आणि जंगलात मान खाली घालून बसलेला एक म्हातारा.

"काय हरवलं?"

"बाबांची अब्रू," भिंगरी म्हणाली. दिवसभर फिरून तिची सभ्यता संपली होती.

"कुठल्या मार्गावर?"

"घरापासून ऑफिसपर्यंत."

"हातात होती, की सीटवर राहिली?" आणि मग त्याने वर पाहिलं.

भिंगरीने तो चेहरा ताबडतोब ओळखला. आठवडाभर तिने तोच तर कॅमेऱ्यात धरला होता. कंडक्टर!

"तुम्ही इथे?"

"बसला कंडक्टर नको झाला. मग मला इथे आणून बसवलं," तो म्हणाला. "हरवलेल्या वस्तूंमध्येच जमा केलं म्हण ना."

भिंगरीने कॅमेऱ्यात तिचा मूळ फोटो दाखवला. न कापलेला. त्याने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "ती बाई चढली बरं का," तो म्हणाला. "घेतली मी तिला." मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि तो एकदम खुलला. "अरे, हे तर आपले झोपाळू साहेब! यांच्या थांब्यावर मी घंटी दोन वेळा वाजवायचो. एक ड्रायव्हरसाठी, एक यांच्यासाठी. तुझे बाबा होय?"

भिंगरीने सगळी कहाणी सांगितली. तो म्हणाला, "हे बघ बाळ, इथे तोंडी काही चालत नाही. तोंडाबद्दलचं असलं तरी. अर्ज दे. मी स्वतः वर पोहोचवतो."

अर्ज भिंगरीने एका झटक्यात लिहिला, 'माझ्या बाबांचा फोटो बसवरून लवकरात लवकर काढून टाकावा.' पण वरच्या मजल्यावर मुख्याध्यापक राहत असताना इमारतीतून कुठलाही कागद न तपासता बाहेर जात नाही. एकदा त्यांनी लिफ्टमधली सूचना तपासली होती. तेव्हापासून लिफ्टमध्ये काय करू नये हे कुणालाच कळलेलं नाही, पण जे काय आहे ते शुद्ध आहे.

"'लवकरात लवकर' म्हणजे अरेरावी," त्यांनी लाल पेन उघडलं. "काढलं. 'बसवरून' कशाला? परिवहन कार्यालय आहे, त्यांच्याकडे काय जहाजं आहेत? काढलं. 'बाबा' घरात, अर्जात 'वडील'. आणि हे 'काढून टाकावा' काय? टाकावा? फोटो म्हणजे काय केर आहे? क्रियापद एकच पुरे. 'काढावा' म्हटलं की त्यात सगळं आलं."

"सर, पण त्याने अर्थ..."

"अर्थ वाक्यात नसतो बाळा, हेतूत असतो."

तर अर्ज गेला तो असा, 'माझ्या वडिलांचा फोटो काढावा, ही नम्र विनंती.' सही करताना भिंगरीचा हात जरा रेंगाळला. सगळ्या शहरातून फिरणारी तिची ती एकच गोष्ट होती. कापलेली, वेडीवाकडी, पण तिची. मग तिला आमटी आठवली आणि तिने सही केली.

उत्तर इतक्या लवकर आलं की बाबांना नगर परिवहनाबद्दल आदर वाटायला लागला. 'विनंती मान्य. रविवारी सकाळी आमचा माणूस येईल. संबंधित व्यक्तीने नीटनेटके राहावे.'

"तिला विचार," बाबा आईला म्हणाले, "फोटो काढायला मी नीटनेटका कशाला?"

भिंगरीलाही कळेना. मुख्याध्यापक म्हणाले, "हा कार्यालयीन शिष्टाचार असतो. मूळ व्यक्ती समोर ठेवून, ओळख पटवूनच काढतात. भलत्याचाच काढला म्हणजे?"

हे सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं काहीही मुख्याध्यापक फार खात्रीने बोलतात.

रविवारी बाबांनी दाढी केली, कोट घातला. शेजारी जमले. दारावरची बेल वाजली, पण आला तो कार्यालयाचा माणूस नव्हता. दारात एक आडदांड, गोरेमोरे गृहस्थ उभे होते, एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली.

"नमस्कार वहिनी," ते आईला म्हणाले. "तुम्ही मला ओळखत नाही. पण मी तुमच्या मिस्टरांना रोज खांदा देतो."

"अहो!" आई किंचाळली. "भरल्या घरात काय बोलताय! शुभ बोला काहीतरी!"

"नाही, नाही, तसा खांदा नाही! बसमधला!" गृहस्थ घामाघूम झाले. "कंडक्टरांनी पत्ता दिला. मला एवढंच म्हणायचंय, की इतकी वर्षं हे माझ्या खांद्यावर झोपतात, एका शब्दाने कुरकुर केली नाही, उजव्या बाजूचे तीन शर्ट गेले, आणि फोटो लागला तर त्यात माझा काय आलाय? फक्त खांदा! बायको म्हणते, कशावरून तुमचाच?"

बाबा खांद्याकडे बघत राहिले. चेहऱ्याने ते त्या माणसाला ओळखतच नव्हते, पण खांदा पाहिल्यावर त्यांना जांभई आली.

एवढ्यात कार्यालयाचा माणूस आला. काखेत छत्री, हातात दिवे, पाठीवर पेट्या.

"फोटो काढायला आलोय."

"या, या!" बाबांनी दोन्ही हात पुढे केले. "डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतोय. कधी निघेल?"

"दोन मिनिटांत निघेल. बसा असे, खिडकीपाशी."

"मी कशाला बसू? तो तर तिकडे बसवर आहे."

"बसवर नंतर जाईल, साहेब. आधी इथे काढायचा."

"नंतर जाईल?" बाबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी डोळ्यांनीच 'शिष्टाचार' असं सांगितलं. बाबा बसले.

"जरा ताठ बसा. रागावू नका. हां, तसंच राहू द्या, रागच बरा दिसतोय."

दिवा चमकला. नेमकं त्याच क्षणी खांदेवाल्यांनी बाबांशेजारी उडी घेऊन, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत, चौकटीत प्रवेश मिळवला.

"झालं," माणूस म्हणाला. "काढला."

"काढला?" बाबा उठले. "बसवरून?"

"बसवर बुधवारी लागेल."

"अहो, काढायला सांगितला होता!"

"मग काढला की!"

"काढा म्हणजे काढा हो!"

"साहेब, काढा म्हणजे काढाच की! आणखी कसा काढतात?"

"नवा नाही, असलेला काढा! लावलेला काढा! काढून टाका!"

माणसाने खिशातून अर्ज काढला. मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर खोलीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. मुख्याध्यापक सोफ्यावर नव्हते. जिन्यातून त्यांचा आवाज ऐकू आला, "दूध उतू जातंय वाटतं माझं..."

बुधवारी बस आली. डाव्या अंगाला झोपलेले बाबा होतेच. उजव्या अंगाला आता जागे, ताठ, संतापलेले बाबा होते. खाली लिहिलं होतं, 'सतर्क प्रवासी, सुरक्षित शहर'. शेजारी खांदेवाले होते, पण जागा कमी पडल्याने कार्यालयाने कापले होते. त्यांचा या वेळी डावा खांदा आला.

इमारतीच्या गॅलरीतून बस जाताना एक अंग दिसायचं आणि येताना दुसरं. लोकांनी त्यावर घड्याळ लावलं. "झोपले वाटतं, चला, मुलांना शाळेत सोडा," समोरच्या काकू म्हणायच्या. संध्याकाळी म्हणायच्या, "जागे झाले बाई, कुकर लावा." बाबांचा फोटो काही कुणी काढला नाही. आरोग्य समितीने मात्र बाबांना विनाअर्ज, एका बैठकीत काढलं.

आईने त्यावर शांतपणे निकाल दिला. "आता सगळ्या जगाला माहीतच आहे, तर उघडपणे बसने जा. बूट घालून जा पण. त्यांचे पैसे पायातून वसूल नाही झाले, तर निदान बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून तरी होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी शाळेला निघाली तर बाबा थांब्यावर. बस आली, दोघं झोपलेल्या बाबांच्या नाकपुडीतल्या दारातून आत चढले. एकच जोडजागा रिकामी होती. बसावंच लागलं.

नव्या बसमध्ये झोपणं सोपं नाही. जागा गुळगुळीत, वळणावर माणूस साबणासारखा सरकतो. त्यात एक रेकॉर्ड केलेली बाई प्रत्येक थांब्याचं नाव अशा प्रेमाने सांगते, जणू तिथे तिचं माहेर आहे. बाबा समोर बघत बसले. मध्ये आई नव्हती, त्यामुळे "तिला सांग" म्हणायलाही कुणी नव्हतं. भिंगरीच्या मांडीवर कॅमेरा होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमचा फोटो परत कधी काढणार नाही. आणि जो लागलाय तो उतरेपर्यंत अर्ज करत राहीन. सरांना न दाखवता."

तिने वळून पाहिलं तर बाबांनी डोळे मिटले होते. बसने वळण घेतलं, आणि त्यांची मान हळूच येऊन तिच्या खांद्यावर टेकली. खिडकीतून कोवळं ऊन आलं ते नेमकं त्या उजव्या भुवईवर. समोरच्या काचेत दोघंही दिसत होते, भिंगरी आणि बाबा, मागे पळणारी दुकानं, आणि वर बाबांच्या टकलावर एक छोटासा सूर्य. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. तिचं बोट आपोआप बटणापाशी गेलं.

तिने बोटाला चापट मारली आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं. मग ती बसली, अजिबात न हलता. भिंगरी आणि न हलता! माहेरवाल्या बाईने बाबांच्या थांब्याचं नाव घेतलं. भिंगरीला त्यांना उठवायचा धीर झाला नाही. थांबा गेला. पुढचाही गेला. खांद्याला मुंग्या आल्या, आणि तिला खांदेवाल्यांबद्दल फार आदर वाटला. शेवटी तिसरा थांबा आला तेव्हा तिने कंडक्टर वाजवायचा तशी, अगदी हळू आवाजात, तोंडानेच घंटी वाजवली, "टिंग... टिंग."

बाबांचा एकच डोळा उघडला.

"काढलास?"

"नाही बाबा, शप्पथ! हे बघा, झाकण लावलंय."

बाबा ताड्कन सरळ झाले. "मग मी तीन थांबे तोंड मिटून काय उगाच बसलोय? जबडा दुखायला लागला माझा! एवढं ऊन आलं होतं भुवईवर! कसली गं फोटोग्राफर तू?"

हे सगळं थेट तिला, मध्ये कुणी नसताना. भिंगरी इतकी हसली की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळली. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं, स्वतःचं ऑफिस किती मागे गेलं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते "अरे देवा" म्हणत उतरले.

उलट्या दिशेची बस लांबपर्यंत कुठे दिसत नव्हती. बाबांनी घड्याळ पाहिलं, बॅग काखेत मारली आणि झपाझप चालायला लागले. तिने झाकण उडवलं आणि मागच्या काचेतून एक फोटो काढला, पुरावा म्हणून.

तो आता घरात, जेवणाच्या टेबलासमोर लावलाय. त्यात बाबा खरोखर चालताना दिसतात. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो बोटाने दाखवते, आणि इमारतीतला प्रत्येक माणूस चष्मा सावरून जवळून बघतो आणि म्हणतो, "हा माणूस थोडासा त्यांच्यासारखा दिसतो."